अत्तराची पारख

१७४२ च्या सुमारास नारो शंकर झाशीस आले आणि त्यांच्या मागोमाग तेथे मराठी घरे वसली. हळदीकुंकवाच्या वेळी हातास अत्तर लावण्याची आपली रीत तेथे चालवणे सोपेच. अत्तराचे माहेरघर कनौज आज त्याच राज्यात आहे.

वाचकहो, अत्तर कुपी हुंगून घेऊ नये. कनौजला गुलाबाच्या पाकळ्या तांब्याच्या देगेत उकळतात आणि त्यांची वाफ भपक्यातील चंदनतेलात उतरते. मनगटावर लावताच पुढे येतो तो गुलाब. झाशीच्या चैत्रातील कोरड्या उन्हात तो लवकर विरतो. चंदन जड. ते त्वचेच्या उबेने सावकाश सुटते, आणि तासाभराने सहाणेवर वाळलेल्या गंधासारखा मऊ, पिठूळ सुवास उरतो. तोवर हात चोळू नये.

चंदनतेल महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी पातळ पॅराफिन वापरतात. त्याला स्वतःचा वासच नाही. फूल उडाले की हाती तेलकटपणा तेवढा राहतो. कुपीत मात्र दोन्ही सारखीच मोहक! म्हणून थेंबभर लावून बाजारात एक फेरी मारावी आणि परत येऊन पैसे मोजावेत. दुकानदार घाई करील, करू द्यावी.