उत्तराच्या जागी विनोद

सभेत उच्चारलेले एखादे वाक्य वक्त्याच्या साऱ्या कारकिर्दीला चिकटून राहावे, हे न्याय्य आहे काय? सोलापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. २०१३ चा उन्हाळा त्यांना स्मरत असेल. उजनीचा उपयुक्त साठा संपला होता आणि पातळी उणे झाली होती. धरणातील पाणी सोडावे या मागणीसाठी आपल्या जिल्ह्यातील एक शेतकरी मुंबईच्या आझाद मैदानावर पन्नासहून अधिक दिवस उपोषण करीत होता. ६ एप्रिल रोजी इंदापूर तालुक्यातील एका सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्या उपोषणाचा उल्लेख केला, धरणात पाणीच नसेल तर सोडायचे कोठून असा सवाल केला, आणि एका देहधर्माचा पर्याय सुचविला. ते शब्द येथे उतरविण्याचे कारण नाही. वाचकांना ते पाठ आहेत. सभेत हशा पिकला.

पुढे काय झाले तेही सर्वज्ञात आहे. विधिमंडळाचे कामकाज बंद पडले, राजीनाम्याची मागणी झाली, पवारांनी माफी मागितली आणि १४ एप्रिल रोजी कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, एक दिवसाचे आत्मक्लेश उपोषण केले. उजनीच्या जलाशयाचे नाव यशवंतसागर आहे. प्रायश्चित्तासाठी माणूस त्या सागराच्या काठी न येता त्या नावाच्या समाधीकडे का गेला, हे कोडे आम्हास तेव्हाही उलगडले नव्हते.

त्या वेळी पवारांची बाजू घेणारेही होते. गावाकडचा माणूस, बोलण्याच्या ओघात घसरला, एका वाक्यावरून कोणाची पारख करू नये, असे ते म्हणत. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. ग्राम्य बोलणे हाच गुन्हा ठरविला तर मराठी विनोदाचा अर्धा संसार गुंडाळावा लागेल. तमाशातील सोंगाड्या, गवळणीतील मावशी आणि पेंद्या यांच्या तोंडी जे येते ते छापण्याजोगे असतेच असे नाही, तरी त्या अचकटविचकट बोलण्यावर आपल्या आज्यापणज्या खळखळून हसत आल्या. मात्र सोंगाड्या ज्याची टर उडवितो तो बहुधा राजा असतो, प्रधान असतो, गावचा पाटील असतो. त्याच्या हाती शब्दाखेरीज दुसरे काही नसते. इंदापूरच्या त्या सभेत सोंगाड्याची वस्त्रे राजाने अंगावर घेतली होती आणि टर उडाली ती उपाशी माणसाची.

आमच्या मते खरी आक्षेपार्ह गोष्ट शब्दांची घाण ही नव्हेच. प्रश्न पाण्याचा होता आणि तो सुटत नसेल तर का सुटत नाही, हे सांगता येण्यासारखे होते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. वरच्या अंगाला पुणे जिल्ह्यातील धरणांची रांग, खाली नदीकाठची गावे, आणि मधे उसाची शेती व साखर कारखाने. यांपैकी कोणी किती पाणी उचलले आणि टंचाईत कोणाला किती द्यावयाचे, याचा हिशेब ज्यांना तोंडपाठ असावा अशा मोजक्या माणसांपैकी पवार एक होते. जलसंपदा खाते त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले होते. त्यांनी रूक्ष आकडे सांगितले असते तर कोणी हसले नसते, कदाचित सभाही उठून गेली असती. परंतु उत्तर मिळाले असते. त्यांनी उत्तराच्या जागी विनोद ठेवला आणि श्रोत्यांनी हसून तो उत्तर म्हणून स्वीकारला.

ही सवय एकट्या पवारांची नाही. त्याआधीच्या सप्टेंबरात, आपल्याच शहराचे सुशीलकुमार शिंदे केंद्रीय गृहमंत्री असताना, बोफोर्सप्रमाणे कोळशाचे प्रकरणही लोक विसरतील, असे पुण्यात बोलून गेले. टीका झाली तेव्हा आपण ते गमतीने म्हणालो, असा खुलासा आला. गंमत ही सत्ताधाऱ्यांची फार सोयीची पळवाट आहे.

म्हणून अशा बोलण्याला कायद्याने वेसण घालावी काय? मुळीच नाही. १९३० साली मार्शल लॉ अनुभवलेल्या आणि पुढच्या जानेवारीत चार हुतात्मे फासावर गेलेले पाहिलेल्या या गावाने तरी तसली मागणी करू नये. बोलणाऱ्यास पकडण्याचा अधिकार सरकारला दिला की तो कोणावर चालतो, हे नंतरच्या वर्षांनी दाखविले आहे. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे हिने शरद पवारांवरील एक अभिरुचिहीन मजकूर समाजमाध्यमावर पसरविला. गृहखाते त्यांच्याच पक्षाकडे होते. तिला महिनाभराहून अधिक काळ कोठडीत व तुरुंगात काढावा लागला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटले, तर शिंदे यांच्या शिवसैनिकांनी खार येथील कार्यक्रमाचे सभागृहच फोडले आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडे तेथे पोहोचले. खालून वर केलेल्या विनोदाला तुरुंग आणि तोडफोड, वरून खाली केलेल्या विनोदाला नदीकाठचा एक दिवस. यानंतर पवार पुन्हा उपमुख्यमंत्रीही झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मतदारांनी तोलून पाहिले आणि त्यांना जे वाटले ते केले. तोलण्याचे काम पोलीस ठाण्यापेक्षा तेथेच व्हावयास हवे.

परंतु तोलताना आपण काय तोलतो? त्या पंधरवड्यात सोलापुरातील कचेऱ्यांत, शिक्षकांच्या खोल्यांत, चहाच्या टपऱ्यांवर ते वाक्य चवीने पुन्हापुन्हा सांगितले जात होते. संतापाने सांगितले जात होते तसे हसतही सांगितले जात होते, आणि त्यात आम्हीही होतो. नळाला रोज पाणी येणे हीच जेथे अपूर्वाई, त्या शहरात पाणीवाटपाचा तक्ता मागण्यास किती जण गेले? आझाद मैदानावरील माणसाची मागणी नेमकी काय होती, हे आज दहा जणांना विचारून पाहावे. उपमुख्यमंत्र्यांचे वाक्य मात्र दहाच्या दहा जण शब्दशः सांगतील.