शिपायाचे पत्र, परक्याचे डोळे

१४ जुलै १९१६ रोजी फ्रान्सात सोमच्या रणांगणावर डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून मशीनगनच्या तोंडी गेले. पण अशा शूराने कारभारणीला चार ओळी धाडायच्या कशा? पुष्कळांना अक्षर येत नव्हते. पत्र लिहिणार एक, तपासणार सरकारी साहेब, आणि गावी वाचून दाखविणार तिसराच! नवरा-बायकोचे सुखदुःख परक्यांच्या कानांवरून घरी पोहोचे. आज त्यांतील कित्येक पत्रांचे इंग्रजी उतारे तेवढे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत उरले आहेत.

भाला धरणाऱ्या हाताला लेखणी कोणी मिळू दिली नाही? विद्या मूठभरांच्या घरांत कोंडणाऱ्यांनी, आणि शेतसारा घेऊन शाळा न देणाऱ्या सरकारने! सरकारला त्याचे शिर हवे होते, शहाणपण नको होते. पैसा नव्हता म्हणाल, तर त्याच युद्धात, १९१७ साली, करवीरच्या शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे कसे केले?

म्हणून सांगतो, ट्रंकेतली जुनी पत्रे रद्दीत घालू नका, आणि लेकीला शाळेतून काढू नका. आपल्या माणसाचे पत्र आपल्याच डोळ्यांनी वाचता यावे, एवढा तरी मान कष्टकऱ्याच्या घराला हवा!