एकसारख्या रोपांची अट

कुसर या रानवेलीला फूल येते, फळ धरत नाही. देशी झाडांच्या रोपवाटिका चालवणाऱ्या आणि डोंगरउतारावर लागवडी करणाऱ्या वाचकांची याच तक्रारीची पत्रे सध्या येत आहेत. कुणी खत बदलले, कुणी पाणी वाढवले, एकाने तर बोरॉनही फवारले. वेल उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरी होते, पाकळ्या गळतात आणि देठ कोरडे राहतात.

दुखणे मातीत नाही, निविदेत आहे. एका सरकारी कार्यालयाच्या रोपखरेदीच्या अटींत ‘रोपे उंचीने व वाढीने एकसारखी असावीत’ असे कलम आहे. तपासणीला येणारा साहेब टेप घेऊन येतो आणि वीतभर कमी-जास्त दिसले की पिशवी बाजूला काढतो. बियांपासून केलेली रोपे अशी कवायतीला उभी राहत नाहीत. मग रोपवाटिकावाला फाटकाजवळच्या, हाताशी असलेल्या वेलीची छाटकलमे भरतो. माल पास होतो, बिलही निघते.

पण त्या शेकडो पिशव्यांत वनस्पती एकच असते. कुसर स्वतःचा पराग स्वीकारत नाही, आणि शेजारच्या कलमाचा पराग हा तिचा स्वतःचाच पराग. पतंग कितीही फिरले तरी बीज कुठून धरणार?

एका वाचकाने बियांपासून रोपे केली, फुलेपर्यंत थांबून ती तपासली आणि लांब व आखूड कुक्षिवृंताच्या, म्हणजे कुसरीच्या दोन्ही रूपांच्या, वेली मुद्दाम मिसळून दिल्या. ‘मिश्र माल’ असा शेरा मारून तो सगळा परत पाठवण्यात आला. दोन जातींची भेसळ आहे का, अशी लेखी विचारणाही झाली! त्याने उत्तरादाखल फुलांची आकृती जोडली. तिची पोचसुद्धा आलेली नाही.

डार्विनने प्रिम्युलाच्या फुलांतल्या अशाच दोन रूपांवरचा निबंध 1862 मध्ये प्रसिद्ध केला, 1877 मध्ये त्याच विषयावर अख्खे पुस्तक लिहिले. खरेदी विभागाला एवढा काळ पुरलेला दिसत नाही. कुसरीसाठी तर लंडनपर्यंत जायचीही गरज नाही. पुण्याच्या आयसरमधील संशोधकांनी सह्याद्रीतल्या कुसरीवर काम केले असून, जंगलात दोन्ही रूपे जवळपास सारख्याच संख्येने आढळतात हे त्यांनी दाखवले आहे.

याच कामातला एक मुद्दा क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. प्रिम्युलात कुक्षी आणि परागकोश आपापल्या जागांची अदलाबदल करतात. कुसरीत तसे नेमके होत नाही. कुक्षीची उंची स्पष्ट बदलते, परागकोश मात्र त्या मापाने खाली-वर सरकत नाहीत. पाठ्यपुस्तकातली आरशासारखी जोडी डोळ्यांपुढे ठेवून फूल पाहणाऱ्याला ती सापडत नाही, आणि तो ‘एकच रूप’ अशी नोंद करून मोकळा होतो. अशा नोंदींवर विसंबून मातृवेल निवडली की पुढची चूक ठरलेलीच.

निविदा लिहिणाऱ्याच्या मनातली आदर्श वनस्पती खरे तर आपल्या नद्यांत फोफावलेली आहे. जलपर्णीत कुक्षिवृंताची तीन रूपे असतात, पण दक्षिण अमेरिकेबाहेर ती पसरली मुख्यतः मध्यम रूपाच्या फुटव्यांवर. एकसारखेपणाला शंभरपैकी शंभर गुण.

तरीही सगळा दोष साहेबाच्या टेपवर ढकलून चालणार नाही. अट जाचक आहे, पण छाटकलम सोपे पडते हेही कारण आहेच. निविदेशी संबंध नसलेल्या खासगी लागवडीतही एकाच वेलीची कलमे गेली आहेत. तिथे कोणत्या साहेबाने अडवले होते?

कुसर आता फुलेल. प्रत्येक रोपवाटिकेने आपली मातृवेल याच हंगामात तपासावी. एका वेलीवर एकच रूप असते, त्यामुळे एखाददुसरे ताजे फूल पुरते. पाकळ्यांच्या नळीला ब्लेडने उभी चीर द्यावी. कुक्षी परागकोशांच्या वर असेल तर लांब, खाली असेल तर आखूड, अशी पत्र्याची चकती त्याच क्षणी वेलीला बांधावी. नंतर आठवून लिहू म्हणू नये. एकच मातृवेल असणाऱ्यांनी शेजारच्या जंगलात दुसऱ्या रूपाची वेल हेरून ठेवावी, रीतसर परवानगीने तिचे बी आणावे, आणि आधी दिलेल्या लागवडींत दोन्ही रूपांची, वेगवेगळ्या वेलींपासूनची रोपे स्वखर्चाने घालून द्यावीत. गाव, मातृवेलींची संख्या, त्यांची रूपे आणि धरलेली फळे एवढी नोंद मेअखेर मासिकाकडे पाठवावी. एकसारखेपणाची अट काढण्याचे निवेदन तयार आहे, त्याला जोडायला आकडे हवेत.