वाटप झालं, पुढं काय?

आपल्या समाजातल्या कुठल्याही मंडळाचा वार्षिक अहवाल उघडा. शिलाई मशिनी इतक्या, शिष्यवृत्त्या इतक्या, बचत गटांना कर्ज इतकं. शेवटी शाल-श्रीफळाचा फोटो. त्या मशिनीवर पुढं कुणी काय कमावलं, याची एक ओळ सापडत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : "दान दिल्यावर हिशेब विचारायचा नसतो, बाई."

देणाऱ्यानं आपलं पुण्य मोजू नये, हे मान्य. पण घेणारीच्या पदरात काय पडलं हे न बघणं म्हणजे शुद्ध बेफिकिरी. आपण पाणीसुद्धा गाळून पितो. मग समाजाचा पैसा न गाळता कसा ओततो?

"फायदा दिसतोय की हो! आमच्या गटातल्या अमकीनं दुकान टाकलं." अशी एक अमकी प्रत्येक गटात असते. पण कर्ज मिळालं म्हणून तिनं दुकान टाकलं, की ती मुळातच धडाडीची होती? तिच्या एकटीकडं बघून हे कळत नाही. कर्ज न मिळालेल्या तशाच बायांशी ताडून बघावं लागतं. आणि कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. नाहीतर धडाडीच्या सगळ्या एकाच बाजूला जमतात.

हैदराबादेत हेच केलं. २००५ मध्ये १०४ वस्त्या घेतल्या आणि त्यांतल्या सोडतीनं निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत बायांच्या गटांना लघुकर्ज सुरू झालं. अभिजित बॅनर्जी (यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर), एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी पुढं घरोघर पाहणी केली. आधीपासूनचे काही धंदे वाढले, घरात टिकाऊ वस्तू आल्या. पण एकूण घरखर्चाला लावायला जास्त पैसा आला नाही. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईच्या शब्दाला मान, यांत फरक सापडला नाही. कर्ज दिलं की बाई सबल झाली, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हे वाचावं. कर्ज ते कर्जच. ते फेडावं लागतं.

परीक्षा घेतली की योजना नापासच होते, असंही नाही. उदयपूरच्या खेड्यांत लसीकरणाची नियमित शिबिरं भरवली, तेव्हा सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं १८ टक्के निघाली. शिबिर नसलेल्या गावांत ६ टक्के. जिथं प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि शेवटी ताटं दिली, तिथं ३९ टक्के. डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च उलट कमी आला, कारण नर्सबाई दिवसभर रिकामी बसली नाही. हे मोजलं नसतं तर कुणीतरी म्हणालंच असतं, "डाळ कशाला फुकट घालवता?"

आता नेहमीचा आक्षेप : निम्म्यांना देऊन निम्म्यांना वगळणं निर्दयपणाचं नाही का? अहो, पैसा अपुरा असतो तेव्हा आजही निम्म्या वगळल्याच जातात. फक्त कोण वगळणार, हे ओळखीवर ठरतं. त्यापेक्षा चिठ्ठी न्यायाची. आणि वडोदऱ्यानं तर वाट दाखवलीय. तिथं मागं पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. निम्म्या शाळांत तिसरीला, बाकीच्या शाळांत चौथीला, पुढच्या वर्षी अदलाबदल. एकही शाळा कोरडी राहिली नाही, तुलनाही झाली, आणि मुलं खरंच जास्त शिकली हे सिद्ध झालं.

आपल्या मंडळाला १०४ वस्त्या झेपणार नाहीत. पण मशिनी २० आणि अर्ज ४० आले, तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकणं झेपेल. वर्षानं चाळीसही घरी जाऊन तेच प्रश्न विचारणं झेपेल. विचारायला मात्र वाटप करणारीनं जाऊ नये. तिच्या तोंडावर कोण खरं सांगणार?

मैत्रिणींनो, येत्या वार्षिक सभेत मागच्या सतरंजीवर बसू नका. पुढं बसा आणि विचारा, "गेल्या वर्षीच्या मशिनींचं काय झालं?" उत्तर मिळेपर्यंत चहाला उठू नका.