वाहनतळ, काळी माती आणि सगळ्यात स्वस्त निविदा

मंडळी, आमच्या सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या (नाव मुद्दामच लिहीत नाही) वाहनतळाची दुरुस्ती निघाली आहे. निविदा काढायची, सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम द्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं बहुतेक सभासदांचं म्हणणं. "सर, नियमच आहे तसा, एल-वनलाच द्यावं लागतं," हेही मला ऐकवून झालं. मला हे अजिबात पटत नाही.

नियम एवढंच सांगतो की पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर कमी, त्याला काम. पण काम कोणतं, हे नियम ठरवत नाही. ते अंदाजपत्रकात लिहायचं असतं, आणि ते मंजूर करणारे आपणच! दरसूचीतून 'पेव्हर ब्लॉक, अमुक चौरस मीटर' एवढं उचलून लिहिलं की सगळे ठेकेदार तेवढ्याचाच भाव भरणार.

आता सोलापूरची जमीन बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर ब्लॉक टिकवायचे तर आधी ती पुरेशी खोल काढावी लागते, मुरूम-खडीचे थर घालून रोलर फिरवावा लागतो, पाण्याला उतार द्यावा लागतो. नाहीतर दोन पावसाळ्यांत फरशीचा डोंगर-दऱ्यांचा नकाशा होतो (भूगोल शिकवायला बरा!). हा खालचा थर वरून दिसत नाही. मग जो 25 टक्के 'बिलो' भरतो, तो पैसे वाचवणार कुठे? ब्लॉक कुणीही मोजेल, थर मोजायला नंतर कोण खणणार?

ही काही माझ्या एकट्याची शंका नाही. आपला सार्वजनिक बांधकाम विभागसुद्धा अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत ठरावीक कामांसाठी दर्जाला 30 टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. आपल्या चिमुकल्या वाहनतळाला ती लागू नाही, मान्य. पण 'स्वस्त तेच सरकारी धोरण' हे तुणतुणं तरी थांबवा.

काटकसरीचं म्हणाल तर तीही शिकवू नका. 2022 मध्ये राज्याने ग्रंथालयांचं अनुदान 60 टक्के वाढवलं, तरी खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला तेव्हा वर्षाला ठरले 48 हजार रुपये. त्यातले निम्मे पगाराला. पुस्तकांसाठी जिथे पै-पै मोजावी लागते, तिथे एकच फरशी दोनदा घालणं ही चैन नाही का?

आणखी एक. आराखडा आखलाय चारचाकीसाठी. दिवसभर अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात सायकलवर, फार तर दुचाकीवर. सकाळी पेपर वाचायला येणारे आमच्यासारखे म्हातारे येतात पायी. त्यांच्यासाठी ना कठडा, ना उतरंड. आणि कडुनिंब मात्र 'अडथळा' म्हणून दाखवलाय! एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा त्याच झाडाखाली गाडी लावायला भांडणं होतात. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचवा असा एक नियम आहे. वाचक दारापर्यंत सुखाने पोचणं त्यातच आलं, असं मी मानतो.

तेव्हा थराची जाडी, उतार, सायकलींची जागा, झाडाचं आळं हे सगळं आधी अंदाजपत्रकात लिहा. थर झाकण्यापूर्वी दोन सभासदांसमोर मोजमाप घ्या, दोष दायित्वाचा काळ संपेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा. मग खुशाल एल-वनला द्या, माझी तक्रार नाही.

हे सगळं मी लेखी दिलं आहे. अंदाजपत्रकाची प्रतही मागितली आहे. अजून मिळालेली नाही.