घमेले आमचे, नकाशा कुणाचा?

चंद्रपूरहून ताडोबाच्या रस्त्याला लागले की दुर्गापूरला लागूनच ऊर्जानगर येते. येथील महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. त्यातील जुने दोन संच आता बंद झाले, २०१६ साली पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन नवे संच आले आणि आज २९२० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र महानिर्मितीचे सर्वांत मोठे केंद्र आहे. त्याला पाणी इरई धरणाचे, कोळसा भोवतालच्या खाणींचा. याच जिल्ह्यात घुग्घुस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूर येथे सिमेंट तयार होते. शेजारच्या गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते. वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये जाते, विटांमध्ये जाते आणि उरलेली आमच्या नाकातोंडात जाते. म्हणजे इमारतीला जे जे लागते ते सारे येथलेच! ती बांधणारे हातही येथलेच. आमच्या आयाबहिणींनी डोक्यावर घमेली वाहिली, आमच्या बापांनी सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या. परंतु या साऱ्याचा नकाशा कुणी काढला? किती जाडीचा स्लॅब, किती सळई, पाया किती खोल, हे कुणी ठरवले? हा प्रश्न आंबेडकरी समाजाने स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमधून दरवर्षी मुले-मुली स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रवेश घेतात. कुणी शासकीय तंत्रनिकेतनात जातो, कुणी खासगी महाविद्यालयात. कुणी आय.टी.आय.मध्ये आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकतो. घरात आनंद होतो. "पोरगा इंजिनिअर होणार" असे मायबाप अभिमानाने सांगतात. तीन वर्षांनी तोच मुलगा एखाद्या कंत्राटदाराकडे साईट सुपरवायझर म्हणून उभा असतो. मजुरांची हजेरी मांडतो, सिमेंटच्या गोण्या मोजतो. बाप घमेले वाहत होता, मुलगा घमेली मोजतो. एका पिढीत एवढीच मजल! आम्ही साईटवरील कामाला कमी लेखत नाही. परंतु जे शास्त्र त्याच्या अभ्यासक्रमात आहे, ज्याच्या बळावर तो ठरवणारा होऊ शकतो, ते संकल्पनाचे म्हणजे डिझाइनचे शास्त्र त्याच्या हातून निसटते. येथेच आमचे नुकसान होत आहे.

संकल्पन म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. खोलीवरचा स्लॅब भिंतींवर टेकलेला असतो. त्यावर भार आला की तो मध्ये वाकू पाहतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून तेथे लोखंडी सळई खालच्या बाजूला टाकतात. आता खिडकीवरचा छज्जा घ्या. तो एकाच बाजूने धरलेला, दुसरी बाजू मोकळी. त्याची वरची बाजू ताणली जाते. म्हणून छज्जाची सळई वर पाहिजे. मिस्त्रीने सवयीने ती खाली टाकली, किंवा काँक्रीट ओतताना कुणाचा पाय पडून ती दबली, तर सेंट्रिंग काढताना किंवा पुढच्या एखाद्या पावसाळ्यात छज्जा कोसळतो. सिमेंट तेच, लोखंड तेच, मजुरी तीच. फरक फक्त एका ज्ञानाचा!

राहत्या खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. पाच इंची स्लॅबचे स्वतःचे वजनच दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरते. म्हणजे माणसांच्या आणि सामानाच्या वजनापेक्षा स्लॅबच भारी. हे गणित ज्याला येते तो गरज असेल तेवढेच लोखंड टाकतो आणि गरज असेल तेथेच टाकतो. ज्याला येत नाही तो एकतर पैसा वाया घालवतो किंवा जीव धोक्यात घालतो. रमाई आवास योजनेच्या २६९ चौरस फुटांच्या घरकुलात हे गणित कुणी मांडते काय? बहुतेक ठिकाणी मिस्त्रीच्या अंदाजावर घर उभे राहते. त्याची तपासणी करणारा ग्रामीण गृहनिर्माण अभियंता स्वतःच कंत्राटी असतो आणि त्याच्याकडे अनेक गावे असतात. जुलै २०२२ मध्ये चंद्रपुरात पूर आला तेव्हा सखल भागातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. जोत्याची उंची किती, नाली कोणत्या उताराने, वस्ती पूररेषेच्या आत की बाहेर, हे सारे संकल्पनाचेच प्रश्न आहेत. ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांचे कुणी हे ठरवायला बसलेले नसते.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री झाले. त्या खात्याकडे सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांचा विकास, १९४४ चे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, १९४५ चा केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग, या साऱ्यांची उभारणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. त्याच बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, अशी त्यात मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळांत उमेदवारीची जागा मागितली होती. केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांत अस्पृश्यांना स्थान नाही, हेही त्यात नोंदवले होते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती याच पार्श्वभूमीवर. आज पदविकेला जाणारा आमचा मुलगा जी शिष्यवृत्ती घेतो तिचे मूळ तेथे आहे. ती केवळ फी माफ होण्याची सोय नव्हे, तर त्यामागे आम्हाला ठरवणाऱ्यांच्या रांगेत बसवण्याचा विचार होता.

त्या उलट दुसरा विचारही या देशात पहिल्यापासून आहे. १९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे! पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून धारेवर धरले. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांनी ती योजना मोडीत काढली. परंतु तो विचार मेला काय? १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसाय तिच्यात आहेत. चर्मकार आहे, न्हावी आहे, धोबी आहे, राजमिस्त्री आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये मिळतात, कर्जही मिळते. गरजू कारागिराने ते जरूर घ्यावे, तो त्याचा हक्क आहे. पण मिस्त्रीच्या मुलाला नवी थापी देणे वेगळे आणि त्याला छज्जाचे गणित शिकवणे वेगळे. पहिल्याने हात सुधारतो, जागा बदलत नाही.

म्हणून व्यवसाय शिक्षण म्हटले की आम्ही एकच कसोटी लावावी. हे शिक्षण आमच्या मुलाला बापाच्याच जागी परत पाठवते, की बाप ज्याच्या हुकमाने काम करत होता त्याच्या खुर्चीपर्यंत नेते? स्थापत्याची पदविका दोन्ही करू शकते. शिडी तर उभी आहे. दोन वर्षांचे आय.टी.आय. केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, पदविका झालेल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षात. अकरावी-बारावीचा खर्चिक क्लास न लावता अभियंता होण्याची ही गरिबाची वाट आहे. परंतु या शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर आमची मुले घसरतात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा पहिल्याच वर्षी गणित आणि मेकॅनिक्समध्ये अडकतो. पुस्तके इंग्रजीत, शिक्षक घाईत. अलीकडच्या वर्षांत तंत्रशिक्षण मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिला, हे चांगले झाले. तरी ए.टी.के.टी. लागतेच. मग बलांचे संतुलन कळत नाही म्हणून बीम कळत नाही, बीम कळत नाही म्हणून आर.सी.सी. डिझाइन कळत नाही. शेवटी प्रश्न पाठ करून विषय सुटतो, पदविका हाती येते, संकल्पन मात्र येत नाही. हा मुलगा मठ्ठ आहे काय? मुळीच नाही. त्याने लहानपणापासून सेंट्रिंग पाहिले आहे, काँक्रीटचा माल मिसळताना पाहिले आहे. जे शहरी मुलाने पुस्तकात पाहिले ते त्याने डोळ्यांनी पाहिले. त्याला फक्त 'का' समजावून सांगणारा कुणी भेटला नाही.

कुणी म्हणेल, डिझाइन शिकून तरी काय? नोकऱ्या कुठे आहेत? हा आक्षेप खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. २०२३ साली सार्वजनिक बांधकाम विभागाने २१०९ पदांची जाहिरात काढली. त्यात कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) पदे ५३२ होती. पदविकाधारकांसाठी असलेल्या या पदांना पदवीधरही बसतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. खासगी संस्थेने भरलेल्या जागेला कुठले आरक्षण? विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये शासनाला तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, वृत्ती गेली नाही. ऊर्जानगरने तर याहून विदारक दृश्य पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नोकरीच्या मागणीसाठी प्रकल्पग्रस्त वीज केंद्राच्या उंच चिमणीवर चढून बसले. ज्यांच्या जमिनीवर चिमणी उभी राहिली त्यांना न्याय मागण्यासाठी तिच्यावर चढावे लागले! ती चिमणी वाऱ्याला कशी तोंड देते, तिचा पाया किती रुंद, हे शिकून त्याच गेटमधून अभियंता म्हणून आत जाण्याची वाट त्यांच्या मुलांना कुणी दाखवली होती काय?

पण म्हणूनच संकल्पन शिकणे अधिक गरजेचे आहे. साईटवर उभा राहणारा माणूस कंत्राटदार उद्या बदलू शकतो. हिशोब मांडून संकल्पन करणाऱ्याला तितक्या सहज बदलता येत नाही. बांधकाम नियमावलीत पदविकाधारकाला पर्यवेक्षकाचा परवाना मिळू शकतो आणि मर्यादित आकाराच्या इमारतींचे काम करता येते. संरचना अभियंता म्हणून सही करायची तर पदवी आणि संकल्पनाचा अनुभव लागतो. म्हणजे पदविका हा मुक्काम नव्हे, वाटेतला थांबा आहे. आज धरणांची संकल्पचित्रे नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत होतात, मोठ्या इमारतींची संकल्पने मुंबई-पुणे-नागपूरच्या सल्लागारांकडे. या टेबलांपाशी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्तीतली मुलगी किंवा मुलगा बसेल तेव्हाच बाबासाहेबांच्या १९४२ च्या निवेदनाला आम्ही जागलो असे म्हणता येईल.

ज्यांना वाटते की संकल्पन आमच्या रक्तात नाही, त्यांनी चंद्रपूरचा परकोट पाहावा. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या वेशींसह तो गोंड राजवटीने उभारला. रामाळा तलाव पाहावा. या भूमीतील माणसे मोजमाप, उतार आणि भार जाणत होती. ज्ञान आमच्याकडून काढून घेतले गेले, ते आमच्यात नव्हते असे नाही.

आता सरकारकडे काय मागायचे आणि स्वतः काय करायचे, हे दोन्ही स्पष्ट असावे. सरकारकडे मागायचे ते असे. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नव्हे, वर्षात मिळावी. वसतिगृहात जागा नाही म्हणून स्वाधार योजनेकडे वळलेल्या विद्यार्थ्याची रक्कम रखडू नये. कनिष्ठ अभियंत्यांच्या जागा नियमित भराव्यात आणि आरक्षणासह भराव्यात. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना केवळ मजूर वा कुशल कामगार नव्हे, तर अभियंता म्हणून घडवण्याची तरतूद व्हावी.

आणि स्वतः करायचे ते असे. ऊर्जानगर, दुर्गापूर आणि चंद्रपुरात आमचे निवृत्त अभियंते आहेत, शिक्षक आहेत. विहारात रविवारी वंदना झाल्यावर दोन तास मेकॅनिक्सचा वर्ग चालवायला किती खर्च येतो? एक फळा आणि एक तयार माणूस, एवढेच लागते. आपण विहार बांधतो, प्रवेशद्वारे बांधतो, जयंतीला लाखो रुपये जमवतो. त्या विहाराचा स्लॅब कुणी संकल्पित केला, हे आपण विचारतो काय? यापुढे वस्तीतल्या विहाराचे काम आमच्याच संरचना अभियंत्याकडे द्यावे आणि त्याच्या हाताखाली पदविकेची दोन मुले बसवावीत, असा ठराव प्रत्येक विहार समितीने करावा. घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबाला या मुलांनी सळईचा साधा तक्ता काढून द्यावा. त्यांचा अभ्यास पक्का होईल आणि आमच्या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर सुरक्षित राहील.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. पुस्तकांची दुकाने लागतात, आणि ती लागलीच पाहिजेत. त्यांच्या शेजारी एक टेबल असेही असावे, जेथे दहावी झालेल्या मुलामुलींना पदविकेची वाट, शिष्यवृत्तीचे कागद आणि छज्जाची सळई वर का असते, हे तिन्ही समजावून सांगितले जाईल. घमेले आमच्या आईने वाहिले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु तिच्या नातीच्या हाती ते पुन्हा येऊ नये. तिच्या हाती नकाशा असावा, आणि त्यावर सही तिचीच असावी.