जबानीनंतरचे उपचार

वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली अत्याचारित स्त्रीच्या देहाची जी विटंबना आपल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे बिनदिक्कत चालत आली, तिच्यातील अशास्त्रीयता साधार दाखवून देणारा अहवाल सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी सिद्ध केला, त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गुदरली गेली, आणि पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दोन बोटांची चाचणी’ करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल असे बजावले, हा इतिहास वर्धा जिल्ह्यास खचितच भूषणावह आहे. ज्या जिल्ह्याने देहाचा प्रश्न एवढ्या नेटाने लावून धरला, त्यानेच आता त्या स्त्रीच्या मनाचा प्रश्नही हाती घ्यावा, असे मला वाटते.

अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अत्याचारानंतर पहिल्या काही दिवसांत ९४ टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणे आढळली. तीन महिन्यांनी ते प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. निम्म्याजणी कालांतराने आपोआप सावरतात, हा त्याचा एक अर्थ. उरलेल्या निम्म्यांना केवळ काळावर सोपवून चालणार नाही, हा दुसरा.

या उरलेल्यांसाठी दोन उपचारपद्धती प्रामुख्याने कसोटीस उतरल्या आहेत. पहिली मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांची: घडलेला प्रसंग डोळे मिटून वर्तमानकाळात पुनःपुन्हा सांगायचा, त्याचे ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकायचे, आणि टाळलेल्या पण वस्तुतः निर्धोक जागी क्रमाक्रमाने परत जायचे. दुसरी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांची, ‘सीपीटी’ नावाने ओळखली जाणारी: सुमारे बारा बैठकांत ‘मी ओरडले का नाही’, ‘त्या वाटेने गेलेच कशाला’ यांसारख्या, मनात रुतून बसलेल्या दोषारोपांची एकेक करून उलटतपासणी करायची. १७१ स्त्रियांवर या दोहोंची तुलना करणारा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा उपचार पुरे करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया दोन्ही पद्धतींत व्याधिमुक्त ठरल्या. अपराधभावाच्या काही अंगांवर मात्र सीपीटी किंचित सरस निघाली. डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ‘ईएमडीआर’ ही तिसरी पद्धतही २००५ च्या एका तुलनेत पहिलीच्या तोडीची ठरली. तात्पर्य, गुणात डावे-उजवे फारसे नाही. तेव्हा निवड करायची ती परिस्थिती पाहूनच.

आणि इथे माझे मत सीपीटीच्या बाजूने झुकते. समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, सासू, दीर आणि मुले यांच्या देखत स्वतःवरील अत्याचाराची कहाणी कानाशी लावून रोज ऐकणे कोणत्या स्त्रीला शक्य आहे? टाळलेल्या जागी परत जा, असे सांगावे, तर आरोपी जामिनावर सुटून त्याच पांदणीने शेतावर जातो. ती भीती व्याधी नव्हे, शहाणपण आहे. शिवाय ठाणेदारापुढे, डॉक्टरपुढे, दंडाधिकाऱ्यापुढे आणि अखेर साक्षीच्या पिंजऱ्यात जी तीच कैफियत पुनःपुन्हा देत आली, तिला उपचाराच्या खोलीतही पुन्हा जबानी द्यायला लावावे काय? (उपचारातील कथन आणि कोर्टातील कथन यांत महदंतर आहे हे मान्य, पण थकलेल्या बाईला ते पहिल्याच दिवशी कसे उमगावे?) रेसिक यांच्याच, १५० स्त्रियांवरील २००८ च्या अभ्यासात प्रसंगाचे सविस्तर लेखन वगळूनही सीपीटीचा गुण उणावला नाही. कुणाच्या हाती पडेल अशी वही घरात ठेवण्याचे संकट त्यामुळे टळते.

‘हे सारे शिकलेल्या, शहरी बायकांचे’, असा आक्षेप येईल. काँगोच्या पूर्व भागातील खेड्यांत, बहुतांशी निरक्षर स्त्रियांसाठी लेखन वगळून सुलभ केलेली हीच पद्धत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी गटांत राबवली. सहा महिन्यांनी विषण्णतेची वा चिंताविकाराची लक्षणे तेथे ९ टक्के स्त्रियांतच उरली. केवळ वैयक्तिक आधार मिळालेल्यांत ती ४२ टक्के होती. लगतच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवरील समुपदेशक नेमले, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सहापट झाले. कापसाच्या मुलखातला माणूस मनाचे दुखणे बोलत नाही, हा समज तिथेच निकालात निघाला. काँगोतील गटपद्धती मात्र मी इथे आणणार नाही. जिथे जात, भावकी आणि पोलीसपाटील एकाच पारावर बसतात, तिथे गावातला गट म्हणजे दवंडीच.

बैठका एकेकटीच्या असाव्यात, गावाबाहेर, तालुक्याच्या रुग्णालयात, जिथे बाई कशासाठी आली हे बाहेर कोणी विचारत नाही. आणि त्या घेणाऱ्या परिचारिकांना प्रशिक्षण द्यावे सेवाग्राम व सावंगी येथील दोन वैद्यकीय महाविद्यालयांनी. अत्याचारित स्त्रियांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेत २०१३ पासून अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनही अंतर्भूत आहे. पण समुपदेशन म्हणजे धीराचे चार शब्द की बारा बैठकांचा उपचार, हे शासकीय हुकुमात निःसंदिग्ध लिहावे, आणि कापूसवेचणीच्या हंगामात बारा वेळा बुडणाऱ्या मजुरीची व बसभाड्याची तजवीजही त्याच हुकुमात करावी.